तिमकतचं लिंबू

—नाही, नाही, मान खाली. अजून खाली. अशी. आता हलायचं नाही, निदान ही कानावरची ओळ होईपर्यंत. दुखतंय? थोडं दुखणारच, सणाची वेणी आहे ही. सैल घातली तर उद्या पहाटे तळ्याचं पाणी अंगावर उडालं की सुटून हातात येईल, आणि मग तू गोंदरभर सांगत फिरशील की तिरिंगोने घातली होती म्हणून. लोणी लावू ना? अगं, आज लोणी चालत नाही ते खायला, उपास तोंडाला असतो, डोक्याला नसतो — हे माझं नाही, मिकाएलच्या देवळातल्या थोरल्या पाद्रीबाबांनी स्वतः सांगितलंय, मी मुद्दाम विचारून घेतलं, कारण दरवर्षी सणाच्या आदल्या दिवशी कुणीतरी बाई या खुर्चीत बसते आणि लोण्याकडे बघून मलाच पाप लावायला जाते. सकाळपासून पायरीवर बायकाच बायका, चहाकॉफीलासुद्धा उसंत नाही, तू शेवटची. तुझं झालं की दार लावणार, मलाही आवरायचंय, देवळातून ताबोत, देवाच्या आज्ञेची पाटी, मिरवत निघायच्या आत तळ्याच्या वाटेवर जागा धरायची असते. नाव काय म्हणालीस? सारा. छान. अदिसहून आलीस? तेही छान. बँकेत आहेस? मी विचारलं नव्हतं, पण सांगितलंस ते बरं केलंस.

हे बघ सारा — हसू येतंय मला, पण असू दे — हे बघ, तुझ्या टाळूवर दोन भोवरे आहेत. एक उजवीकडे फिरतो, एक डावीकडे, आणि मधला केसांचा झुपका कुणाचंच ऐकत नाही. लोकांना लोक तोंडावरून ओळखू येतात, मला टाळूवरून येतात, दुसरं काय, जन्मभर तेच बघत आलेय. असे दोन भोवरे मी या गावात एकाच डोक्यावर बघितलेत, आणि ते डोकं मी दर सणाला विंचरलंय. तेव्हा सारा नाही, माहलेत, अस्कालेची माहलेत, नीट बस. उठू नकोस, अर्धी वेणी झालीय, अशी रस्त्यावर गेलीस तर लोकांना वाटेल सणाआधीच कुणीतरी झिंज्या उपटल्या. बस म्हणते ना. तू आत आलीस तेव्हाच मला शंका आली होती, केस मोकळे केलेस आणि खात्रीच झाली. मी रागावले नाही. उलट मला बरं वाटलं, की पोरगी फोन आपटून बसली नाही, बस पकडून आली. कसली बाई आहे ही, एकदा बघून तरी घेऊ, असं वाटलं ना? मग बघ की. आरसा समोर आहे, मी मागे आहे, अंगाने जरा भरलेय, दात सगळे माझेच आहेत.

तुझी आई आणि मी मैत्रिणी नव्हतो. सणाच्या तोंडावर खोटं कशाला बोलू. अस्काले म्हणायची, तिरिंगो, तू वेणी घालतेस की बैलाचं दावं वळतेस — आणि दर सणाला यायची मात्र इथेच. पुढच्या चौकात दोन-दोन दुकानं झाली, भिंतभर आरसे, गाणी वाजतायत, पण ती इथे यायची, या खुर्चीत बसायची, आणि उठेपर्यंत माझ्या हाताला नावं ठेवायची. मीही कमी नव्हते, मीही सुनवायची. मग आजारपणात केस गळायला लागले तशी मला घरी बोलवायला लागली. आरशावर कापड टाकून ठेवायची आणि म्हणायची, आहेत तेवढ्यांची घाल, पण घट्ट घाल. मी घातली. घट्ट घातली. तू तेव्हा परीक्षेला अदिसला होतीस ना — असो. काय केस होते त्या बाईचे, हातात मावायचे नाहीत. तुझे तिच्यासारखेच आहेत, फक्त तू त्यांना तेलपाणी करत नाहीस, शहरात सगळ्यांचं तसंच.

तर तू ज्याच्यासाठी आलीस त्याचं उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे तू निवांत बसशील आणि माझं काम होईल — मला काही हौस नाही. खरंच नाही. माझा नवरा जाऊन किती वर्षं झाली, मला एकटीची सवय झालीय. एकटीचा इंजेरा, एकटीची कॉफी, रात्री पाय पसरून झोपायचं, कुणाचं घोरणं नाही. या वयात एका पुरुषाचं धुणं कोण पत्करतंय? सण झाला की मी सांगणारच आहे तुझ्या वडिलांना, की झेलेके, पुरे झालं, आपापली दुकानं आपापल्या जागी, मध्ये रस्ता आहे तो बरा आहे. एवढंच. संपला विषय. मान डावीकडे.

पण ते लिंबाचं तुला कसं सांगितलं त्यांनी? काय, सांगितलंच नाही? नुसतं म्हणाले, तिरिंगोकडे मागणीला वडीलधारी माणसं पाठवायचा विचार आहे? देवा रे. असं एकदम? मग तू फोन आपटलास त्यात नवल काय, मीही आपटला असता. या माणसाला मखमलीवर जरीची वेल काढता येते, देवळाच्या छत्राला अशी झालर लावतो की बिशपसुद्धा मान वर करून बघतात, पण गोष्ट पहिल्यापासून सांगायची म्हटली की झालं. तर ऐक, आता मीच सांगते, नाहीतर तुझ्या मनात भलतंच काहीतरी राहायचं.

गेल्या तिमकतची गोष्ट, याच सणाची. पहाटे पाण्याला आशीर्वाद देऊन झाला होता, पोरं कपड्यांसकट तळ्यात उड्या टाकून झाली होती, सगळे चिंब, सगळे कुडकुडतायत आणि सगळे खूश. ताबोत परत निघायला अजून वेळ होता, बाहेरच्या मैदानात ढोल आणि नाचाची रिंगणं. मी एका रिंगणाच्या कडेला, आणि माझ्या शेजारी वागाये — कोपऱ्यावरचं मसाल्याचं दुकान आहे बघ, त्यांची मुलगी, लग्नाची. अशी नटलेली की तिच्याकडे बघून मला माझ्याच हाताचं कौतुक वाटत होतं, वेण्या माझ्याच ना. पोरं लिंबं फेकत होती. आता फोन आल्यापासून कमी झालंय ते, पण आमच्या गोंदरात अजून फेकतात. मनात भरली तिच्या अंगावर टाकायचं, तिने उचललं तर पुढचं बोलायचं. मी हसत होते. समोर एक म्हातारबाबा खांदे उडवून नाचत होते आणि दर ठेक्याला त्यांचं पागोटं डोळ्यांवर येत होतं, ते वर सारायचे, पुन्हा खाली — मला हसू आवरेना. माझं हसू तू ऐकलं नाहीस, ते रस्त्यापलीकडे जातं, तुझी आई त्यालाही नावं ठेवायची. आणि धप्पकन — इथे, खांद्यावर — लिंबू. खांद्यावरून घरंगळून शालीच्या घडीत.

मी काय केलं असेल? दुसरी एखादी बाई लाजली असती, इकडेतिकडे बघितलं असतं. मी ते शालीतून काढलं आणि वागायेच्या हातात कोंबलं. घे बाई, तुझंच आहे, कुणाचा तरी नेम चुकला. मला दुसरं काही सुचलंच नाही गं. माझं नावच मुळात तिरिंगो, महाळुंग. महाळुंगावर लिंबू कोण फेकणार? वागायेने लिंबू घेतलं, पदराने पुसलं आणि मान वर करून बघितलं, तर समोर बेकरीतला फेंताहून उभा. तोंडात भाजलेल्या जवाचा बोकणा, दोन्ही गाल फुगलेले, आमच्याकडे बघतोय, असंच, गाय बघते तसा. वागाये त्याच्याकडे बघून हसली. त्याने मागे वळून बघितलं, की ही कुणाला हसतेय. मागे कुणी नव्हतं. मग बिचाऱ्याने घास गिळला आणि तोही हसला. झालं. तिशी उलटून गेलेला माणूस, आईने आशा सोडलेली, त्याने म्हणे घरी जाऊन विचार केला, की पोरगी हातात लिंबू घेऊन माझ्याकडे बघून हसतेय, तर मी फेकलं नाही असं सांगणारा मी कोण? पुढच्या रविवारी त्याच्याकडची म्हातारी माणसं वागायेच्या बापाच्या दारात. ईस्टर झाला आणि लग्न.

सगळ्या आळीत मी सांगत फिरले, हे लग्न माझ्यामुळे झालं, माझ्या खांद्याने झालं. तुझ्या वडिलांच्या दुकानातसुद्धा जाऊन सांगितलं. आणि तो— ते, ते खाली मान घालून झालर शिवत होते, म्हणाले, चांगलं झालं. एवढंच. मला वाटलं, कामात आहेत. तो म्हणाले का मी मघाशी? चुकून गेलं. ते. सणाच्या दिवशी जीभ घसरते.

मग लग्नात काय झालं. नवरानवरीच्या डोक्यावर दिवसभर धरायचं छत्र तुझ्या वडिलांनीच शिवलेलं, लाल मखमल, सोन्याची किनार, आणि ज्याने धरायचं तो फेंताहूनचा मामा सकाळपासून मधाची दारू पिऊन गार झालेला, म्हणून ते स्वतःच दांडा धरून उभे. जेवणं झाली, फेंताहून उठला. त्यालाही चढली होती थोडी. म्हणाला, आज एक खरं सांगतो, मी ते लिंबू फेकलंच नव्हतं. माझ्या हातात तर जव होते. ज्या देवदूताने फेकलं त्याचे उपकार मानतो. असा हशा झाला, वागाये त्याला ठोसे मारतेय, तिची आई डोळे पुसतेय, मी तर पोट धरून — आणि हसता हसता माझं लक्ष वर गेलं. ते छत्र वाकडं झालं होतं. सगळं एका बाजूला कललं होतं, झालर नवरीच्या नाकाला लागत होती, आणि दांडा धरलेल्या माणसाला त्याचा पत्ताच नव्हता. तो माझ्याकडे तोंड करून उभा होता. ज्या माणसाला किनारीचा एक टाका इकडचा तिकडे झालेला खपत नाही, त्या माणसाचं छत्र वाकडं. माझं हसू तिथल्या तिथे गेलं.

त्या रात्री मला झोप नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून तुझ्या वडिलांनी माझ्याकडे यायचं बंद केलं. त्याआधी रोज सकाळी यायचे ना. रोज, दुकान उघडलं की आधी इकडे. कशाला म्हणजे? असंच. शेजारी आहेत, काही काम असतं, काही नसतं. मान हलवू नकोस. दोन-चार शब्द बोलायचे, जायचे. ते बंद झालं. मला आधी वाटलं, बरं झालं, सकाळचा वेळ मोकळा. मग पावसाळा लागला, रस्त्यावर चिखल, गिऱ्हाईक कमी, मी दारात बसायची आणि समोर बघायची. काय बघायची? पाऊस बघायची. दुकानं समोरासमोर असली की दुसरीकडे बघणार कुठे. त्यांचा दिवा संध्याकाळी लवकर लागायला लागला, दुपारीच लागायला लागला, ते दिसायचं. जेवणाचा डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे, ते दिसायचं. खोकला झाला होता तेव्हा मी आल्याचं पाणी करून शेजारच्या चांभाराच्या हाताने पाठवलं, माझं नाव सांगू नको म्हटलं. तो चांभार एक नंबरचा बावळट, तिथे जाऊन म्हणाला, तिरिंगोबाईंनी सांगितलंय की त्यांनी पाठवलं असं सांगू नको.

पाऊस सरला, मस्कलचा सण जवळ आला, देवळांची कामं यायला लागली, आणि एक दिवस त्यांच्या दारात वाळायला लावलेलं एक छत्र मी बघितलं. किनार नागमोडी. मी वेणी घालत होते, एका बाईची अर्धी वेणी तशीच टाकली, रस्ता ओलांडला आणि आत गेले. सुईच — म्हणजे काम करत बसले होते. मी म्हटलं, "ते लिंबू कुणाचं होतं?"

मान वर न करता म्हणाले, "माझं होतं. तू दुसरीला देऊन टाकलंस. मला वाटलं, उत्तर मिळालं." मला 'तू' म्हणाले. इतकी वर्षं तुम्ही-तुम्ही करत होते.

मी म्हटलं, अहो, मला वाटलं ते त्या पोरीसाठी आहे. तर म्हणाले, "तुझ्यावर कुणी फेकेल असं तुझ्या मनातसुद्धा आलं नाही?"

नाही आलं. असं काही कुणी विचारतं का गं माणसाला? इतक्या बायकांच्या डोक्यात मी फुलं माळते, कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, सगळ्यांना सांगते, किती छान दिसतेस — नाही आलं मनात. मी आपलं चेष्टेवारी नेलं, म्हटलं, एवढ्या पोरी होत्या तिथे, एवढी गर्दी, आणि या वयात बरा नेम लागला तुमचा. तर म्हणाले, "बघून नाही फेकलं. तुझं हसू ऐकू आलं, त्या अंगाला फेकलं."

बघून का नाही म्हणजे? असते एकेकाची बोलायची पद्धत. छत्रं शिवणारा माणूस, चार शब्द बोलतो ते नक्षीचे बोलतो. तू तेच काय धरून बसलीस. पुढचं तुला माहीतच आहे, ते म्हणाले, माणसं पाठवू का, तुझा भाऊ अझेझोला आहे त्याच्याकडे. मी म्हटलं, आधी तुमच्या मुलीला विचारा, ती हो म्हणाली तर माणसं, नाहीतर नाही. त्यांनी फोन केला, तू आपटलास. इथून दिसत होतं सगळं. फोन कानाला तसाच धरून बसले होते, बंद झाल्यावरही. नंतर त्यांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही. मी तुला दोष देत नाही. आई जाऊन एवढी वर्षं झाली नाहीत, आणि बाप म्हणतो—

काय?

कधी? आज? आत्ता, इथे यायच्या आधी? समोरून आलीस, त्यांच्या दुकानासमोरून? त्यांनी बघितलं आणि तोंड फिरवलं? नाही गं. नाही, माहलेत, ऐक — सरळ तोंडाकडे बघितलं आणि फिरवलं असं म्हणतेस — नाही, रागाने नाही. तुझ्यावर रागावेल तो? तुझ्यावर? अगं, त्याला दिसलं नाही.

दिसत नाही त्याला.

हललीस. गेली ती वेणी. जाऊ दे, पुन्हा घालीन. बोलून बसले मी. शपथ घातली होती त्याने मला, मिकाएलची शपथ, माहलेतला कळता कामा नये. आता मिकाएल काय करायचं ते करो. रडू नकोस, आधी ऐक, तसं काही भयंकर नाही. मोतीबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त. इथल्या दवाखान्यात मीच बळे नेलं, डॉक्टर म्हणाले, काढला की साफ दिसेल, अदिसला नेलंत तर लवकर होईल. तर हा माणूस म्हणतो, नाही. का? म्हणे मुलीची एक खोली, तिची नोकरी, तिच्या उशाशी मी आंधळा जाऊन बसू? आणि तिला वाटेल डोळे गेले म्हणून बापाला बायको हवीय, हात धरून न्यायला. असं म्हणाला. आता या डोक्याला काय म्हणायचं सांग. म्हणून आधी माणसं, लग्न, आणि मग वर्ष-सहा महिन्यांनी डोळ्यांचं बघू, असा त्याचा हिशेब. मी म्हटलं, तोपर्यंत माझं तोंड विसरशील. म्हणाला, आवाज आहे ना.

सकाळी यायचा तो त्यासाठीच यायचा. सुया घेऊन. उशीभर सुया आणि सोनेरी दोऱ्याचं रीळ, मला म्हणायचा, तुमचे हात गिऱ्हाईक येईपर्यंत मोकळेच असतात, ओवून द्या. मला वाटायचं, काय आळशी माणूस. अस्काले होती तेव्हा ती ओवून द्यायची म्हणे, तेव्हाच सुरुवात झाली असणार, तिने कधी तोंडातून काढलं नाही. लग्नानंतर लाजेने यायचा बंद झाला, आणि त्या दिवशी मी आत गेले तेव्हा हा दाराच्या उजेडात सुई धरून बसला होता, दोरा जिभेवर ओला करायचा, पुढे न्यायचा, चुकायचा, पुन्हा ओला करायचा. मी सुई हिसकावून घेतली. लिंबाचं नंतर विचारलं, आधी सुई ओवली. आता रोज मीच जाते. उशी तिथेच ठेवते. संध्याकाळी जाऊन बघते, एकही शिल्लक नसते, सगळ्या वापरलेल्या.

बघ समोर. मान वर कर, कर, आता केस राहू दे. आरशात दिसेल. बसलाय बघ दारात, पांढरा सदरा घातलाय सणाचा, बटण एक खालचं वर लागलंय. आपल्याकडेच तोंड आहे. त्याची लेक इथे खुर्चीत बसलीय, मध्ये एवढासा रस्ता आहे, आणि त्याला इथे फक्त एक काळं दार दिसतंय. तू समोरून गेलीस तेव्हा त्याने कुणीतरी पांढऱ्या कपड्यातली गेली एवढंच बघितलं असणार, आज सगळेच पांढऱ्यात. रोज विचारतो, अदिसची बस आली का. बस आली की मी इथून ओरडून सांगते, आली, नाही उतरलं कुणी आपलं. आज सांगायची राहिलेय.

मला हौस नाही असं मघाशी म्हटलं ते — ते आपलं तसंच म्हटलं. माणूस म्हणतो. पण एक मी मनापासून सांगते, तुझ्या आईची जागा मला नको. तिची खुर्ची तिची, तिची भांडी तिची, भिंतीवर तिचा फोटो आहे तो तिथेच राहील, आणि खाली मीच दिवा लावीन. मी माझं स्टूल घेऊन जाईन, हे बघ, हे, यावर बसायची मला सवय आहे, ते कुठेही मावतं. आणि तू अदिसला नेऊन डोळे करून आण त्याचे, आधी ते. बरोबर चला म्हणालीस तर येईन, नको म्हणालीस तर इथून दुकान सांभाळीन, टाका घालता येत नाही मला पण कुलूप लावता येतं. दिसायला लागल्यावर त्याने मला नीट बघून घ्यावं, आणि मग म्हणावं काय म्हणायचं ते. मला त्याचीच जरा भीती वाटते, खरं सांगायचं तर. आवाज माझा बरा आहे.

झाली बघ. तुझ्या रडण्यात मी दुसऱ्यांदा घातली, कळलंसुद्धा नाही तुला. आई असती तर म्हणाली असती, घट्ट झालीय. ऊठ, वळ, बघू दे. सुंदर. नाक पुस, त्या नव्या शालीला नको, हे घे फडकं. शिंगं वाजायला लागली, ऐकलंस? मिकाएलचा ताबोत निघाला वाटतं, सगळ्यात आधी तोच निघतो आणि सगळ्यात शेवटी परततो. तुझ्या वडिलांचं नवं छत्र आहे त्याच्यावर, हिरवं, जाऊन बघ, किनार सरळ आहे. पळ आता. आधी समोर जा, जवळ जाऊन नाव सांग, लांबून नाही, हात हातात दे आणि मग सांग. त्याला धरून तळ्याकडे ने, गर्दीत त्याच्या उजव्या बाजूने चाल, तिकडून कोण येतं ते त्याला कळत नाही. आणि डोळ्यांचं मी सांगितलं म्हणू नकोस — म्हण, काय म्हणायचं ते म्हण, आता काय लपवायचं राहिलंय.

अजून काय? काय म्हणालीस? कोण पाठवेल? तू? तू पाठवशील माणसं?

हे बघ, असल्या गोष्टी मुलीने विचारायच्या नसतात. थोरल्यांनी विचारायच्या असतात, आणि त्याही अशा दारात उभं राहून, एक पाय बाहेर ठेवून नाही. माझ्या भावाच्या घरी जायला हवं, कॉफी व्हायला हवी, त्याने आधी थोडे आढेवेढे घ्यायला हवेत—

परवा. परवा मिकाएल देवळात परतला की. दुपारनंतर म्हणावं, सकाळी माझ्याकडे बायका असतात.

जा आता. दार ओढून घे जाताना.